खडक भूगोलाच्या तासाला

खेड्यापाड्यांतले विज्ञान शिक्षक घडवण्यात ज्या निवृत्त प्राध्यापकांची हयात गेली, ते मुळात भूशास्त्राचे. भौतिक-रसायनवाल्यांच्या या कामात दगडवाला माणूस आला कुठून, असं विदर्भात अजूनही विचारलं जातं.

एकोणिसाव्या शतकात नागपुरातल्या एका मिशनऱ्याने इथले खडक आणि जीवाश्म नोंदवले. पुढे कोळसा आणि मँगनीजच्या खाणी आल्या. पण शाळांपुरता विषय सुरू होतो तो 1964–66 च्या शिक्षण आयोगापासून. दहावीपर्यंत विज्ञान-गणित सगळ्यांना सक्तीचं, ही त्याची शिफारस. 1975 मध्ये राज्यात नव्या 10+2+3 आकृतिबंधाची पहिली दहावी बसली आणि गावोगावी विज्ञान शिकवणारे हवे झाले. प्रयोगशाळा कुठली? हे प्राध्यापक सर मास्तरांना विहिरीचं खोदकाम चालू असेल तिथे घेऊन जायचे. वर काळी माती, मग मुरूम, खाली काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. मातीतल्या चुनखडीच्या खड्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं की फसफसतं. आम्ल-कार्बोनेटचा धडा तिथेच उरकायचा. पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात पाणी खारं का, हे तर पोरंच विचारत.

घोडं अडलं विषयांच्या वाटणीत. शाळेत खडक भूगोलाकडे. सहावीच्या भूगोलात त्यावर अख्खा धडा आहे. भूगोल सामाजिक शास्त्रांत धरलेला. म्हणजे खनिज ओळखायला आम्ल, भिंग, कठीणपणा तपासणं लागतं, आणि ते शिकवणाऱ्याकडे प्रयोगाचं साहित्य नाही. ज्याच्याकडे आहे त्याच्या पुस्तकात खडक नाही. भूगोलवाल्यांचाही मुद्दा आहे: खडक, माती, पीक, वस्ती अशी साखळी त्यांच्याकडेच जुळते. खरं आहे. तरी लोणारला सहल गेली की विवर दाखवायला भूगोलाचे सर पुढे, आणि उल्केच्या आघाताचा वेग, ऊर्जा, बेसॉल्टची काच झाली कशी, हे विचारलं की सगळे गप्प.

2013 पासून शिक्षक पात्रता परीक्षा आली. सहावी ते आठवीसाठी उमेदवाराने गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रं यांतलं एकच निवडायचं. जुनी वाटणी नेमणुकीपर्यंत पक्की झाली. 2015 ला बी.एड. दोन वर्षांचं झालं; वाटणीला त्यानेही हात लावला नाही. विज्ञानाच्या प्रशिक्षणाला विज्ञानवालेच येतात, आणि खडक शिकवणारे त्या दिवशी शाळेतच असतात.