गळलेला घाम वाया गेला

एप्रिल-मे आला की सायकलवाल्यांच्या टोळक्यात एक बढाई हमखास ऐकू येते : "अरे, कोपरावरून घामाची धार लागली होती! काय कॅलरी जळल्या असतील!" जितका घाम जास्त तितका व्यायाम फळला, ही समजूत जिममध्येही आहे, पोटाला प्लॅस्टिक गुंडाळून धावणारे त्याच पंथाचे. प्रत्यक्षात कोपरावरून टपकलेल्या थेंबाने शरीराचं काहीच भलं केलेलं नसतं. पाणी गेलं, मीठ गेलं, आणि थंडावा शून्य. थंडावा मिळतो तो घाम अंगावर सुकताना.

उन्हाळ्यात सायकल पहाटे काढावी आणि नवाच्या आत घर गाठावं, हे सगळ्यांनाच कळतं. पण २०० किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला, साडेतेरा तासांची मुदत असते. सकाळी सहाला पुण्याहून निघालेला चमू जेवणाच्या वेळी रस्त्यावर असणारच. जेवणाच्या सुट्टीत सहकाऱ्यांबरोबर तासभर चक्कर मारणाऱ्यांना तर दुसरी वेळच नसते. पुण्यात सूर्य साडेबारा ते पाऊणच्या सुमारास सर्वांत वर येतो, आणि हवा त्यानंतर आणखी दोन-तीन तास तापतच राहते.

आधी उष्णतेचा जमाखर्च. सपाट रस्त्यावर २८-३० च्या वेगाने जाणारा हौशी सायकलस्वार पेडलवर साधारण १५० वॉट लावतो. स्नायूंची कार्यक्षमता २०-२५ टक्केच असल्याने त्यासाठी शरीरात ५०० वॉटच्या आसपास निव्वळ उष्णता तयार होते. ती बाहेर पडलीच नाही, तर ७० किलोच्या माणसाचं आतलं तापमान दर आठ मिनिटांना एक अंश चढेल. अर्ध्या तासात गाठ उष्माघाताशी. ती बाहेर काढायचा मुख्य रस्ता म्हणजे घामाचं बाष्पीभवन : एक ग्रॅम घाम सुकताना सुमारे २४३० जूल घेऊन जातो. शाळेत शिकलेला अप्रकट उष्मा तो हाच. तासाला एक लिटर घाम पूर्ण सुकला, तर ६७५ वॉटची सोय झाली.

यात किती दम आहे, ते चार्ल्स ब्लॅग्डेन या इंग्रज डॉक्टरने १७७४ साली स्वतःवर प्रयोग करून दाखवलं. तो आणि त्याचे मित्र मुद्दाम तापवलेल्या कोरड्या खोलीत शिरले. पुढेपुढे तापमान १२७ अंश सेल्सिअसला पोचलं. माणसं धडधाकट बाहेर आली. सोबत ठेवलेला मांसाचा तुकडा मात्र शिजला, आणि भात्याने वारा घातल्यावर दुसरा तुकडा आणखी लवकर शिजला. त्याच खोलीत उघड्या भांड्यातलं पाणी काही केल्या उकळेना. त्यावर थोडं तेल सोडून बाष्पीभवन अडवलं, तेव्हा कुठे ते उकळलं.

वाऱ्याने मांस लवकर शिजतं, मग सायकलवरच्या माणसाला गरम वारा गार कसा करतो? इथे माझा आवडता भाग येतो. अमेरिकन रसायन अभियंता वॉरेन लुईस यांच्या नावाने ओळखला जाणारा एक संबंध आहे. त्वचेलगत हवेचा पातळ, जवळपास स्तब्ध थर असतो. उष्णताही त्यातूनच ये-जा करते आणि बाष्पही. वारा तो थर घासून पातळ करतो, त्यामुळे दोन्ही वाहतुकी एकाच प्रमाणात वाढतात. आकड्यांत सांगायचं तर, तापमानातल्या १ अंशाच्या फरकावर वारा जितकी उष्णता वाहतो, त्याच्या साडेसोळा पट उष्णता तोच वारा बाष्पदाबाच्या (बाष्पामुळे पडणाऱ्या दाबाच्या) १ किलोपास्कल फरकावर नेतो.

१ अंशामागच्या त्या उष्णतेला एक एकक म्हणू आणि आता पुण्याची दुपार घ्या : ४० अंश, सापेक्ष आर्द्रता २० टक्के. घामेजलेली त्वचा ३५ अंशांवर आहे असं धरू. तिथला बाष्पदाब ५.६ किलोपास्कल. हवेतला जेमतेम १.५. फरक ४.१, गुणिले १६.५, म्हणजे सुमारे ६८. उलट दिशेने, हवा त्वचेपेक्षा ५ अंशांनी गरम आहे, म्हणून वारा ५ देतो. देतो ५ आणि नेतो ६८! मुंबईच्या ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला हवेचाच बाष्पदाब ३.५, फरक २.१. बाष्पाचे ३५ आणि हवा थोडी गार असल्याचे २, एकूण ३७. पुण्याची शिल्लक ६३, मुंबईची ३७. तापमापक मात्र पुण्यालाच बदनाम करतो. (हे आकडे पूर्ण ओल्या, उघड्या त्वचेचे. कपड्यांनी दोन्हीकडे घट येते. आणि ऊन थेट अंगावर पडून शे-दीडशे वॉट ओततं, ते वेगळंच.) माठातलं पाणी मुंबईत पुण्याइतकं गार का होत नाही, याचंही उत्तर याच वजाबाकीत आहे.

यातून निघणारी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. पुण्यात मर्यादा घामाच्या ग्रंथींची असते : हवा हवा तितका घाम प्यायला तयार, पुरवठा तुमचा. म्हणून पाणी पीत राहणं आणि जर्सीवर अर्धी बाटली ओतणं, दोन्ही कामाचं. ओतलेलं पाणी म्हणजे फुकटचा घाम. मुंबईत मर्यादा हवेची. तिथे जास्त पाणी प्यायलात तर जास्त गळेल, इतकंच. तिथे वेग कमी करून उष्णता मुळातच कमी निर्माण करणं हा उपाय. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरच्या मैदानातल्या सोहळ्यात उष्माघाताने १४ जण दगावले, तेव्हा तापमान चाळिशीच्या आतच होतं, आणि ती माणसं तर नुसती बसलेली होती.

वाऱ्याचा हिशेब टोळक्यात आणखी मजेदार होतो. पाठचा वारा सगळ्यांना प्यारा, पण ताशी २० ने जाताना पाठून ताशी २० चाच वारा असेल, तर अंगाला वारा लागतच नाही. खंबाटकीच्या चढावर वेग २८ वरून ९ वर येतो, वाऱ्याचा थंडावा निम्मा होतो आणि मेहनत मात्र वाढलेली असते. दुसऱ्याच्या चाकामागे राहिलं की पाव ते तृतीयांश ताकद वाचते, आणि वाचलेल्या प्रत्येक वॉटमागे तीन-साडेतीन वॉट उष्णताही टळते. वारा कमी लागण्याचा तोटा कोरड्या हवेत सहज परवडतो. दमट हवेत काटा मध्यावर येतो.

खिशातल्या कांद्याबद्दलही बोलायला हवं. कांदा खिशात ठेवला की ऊन बाधत नाही, हे सांगणारी सुशिक्षित माणसं आजही भेटतात. वरच्या हिशेबात कांद्याला कुठेही जागा नाही; कोशिंबिरीत आहे. झगझगीत पाकिटातल्या इलेक्ट्रोलाइट पुडीचंही फार कौतुक नको. लिटरभर घामात साधारण दीड ते तीन ग्रॅम मीठ जातं, ते मीठ-साखर घातलेल्या लिंबू सरबतातूनही भरून निघतं. तासन्‌तास नुसतं पाणी ढोसणं मात्र धोक्याचं, कारण त्याने रक्तातलं सोडियम उतरतं. शरीर दहा-चौदा दिवसांत उन्हाला सरावतं, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. म्हणून मोसमातल्या पहिल्याच तापलेल्या रविवारी शंभर किलोमीटर काढू नयेत.

"घाम येतोय ना, मग उष्माघात नाही" हा समज तर जिवावर बेतू शकतो. श्रमाने होणाऱ्या उष्माघातात माणूस घामाने निथळत असू शकतो. पाहायचं ते त्याच्या वागण्याकडे : सायकल रेषा सोडून भरकटते, साध्या प्रश्नाला भलतंच उत्तर येतं, उगाच चिडचिड होते. हे त्याचं त्याला कळत नाही, मागच्या चाकावरच्याला कळतं. तेव्हा गाडीची वाट पाहत थांबू नका. सावलीत आडवं करा, जर्सी काढा, बाटल्या अंगावर रिकाम्या करा, दोघांनी मिळून जोरात वारा घाला, आणि एकाने १०८ ला फोन लावा. जवळ शेतातल्या पंपाचं पाणी पडत असेल तर त्याखाली किंवा हौदात मानेपर्यंत बसवा, डोकं मात्र कोणीतरी धरून ठेवा.