खवाटा मोडलाय? आधी छाती तपासा

कुणाच्या तरी पाठीवर, खांद्याच्या जरा खाली तळहात टेकवा आणि त्याला हात डोक्यावर न्यायला सांगा. तळहाताखाली एक त्रिकोणी हाड बाहेरच्या बाजूला सरकताना लागेल. तो खवाटा, डॉक्टरांच्या भाषेत स्कॅप्युला. मधोमध तो इतका पातळ असतो की सुकं हाड उजेडासमोर धरलं तर आरपार प्रकाश दिसतो.

तरीही तो सहसा मोडत नाही. शरीरातल्या एकूण फ्रॅक्चरपैकी खवाट्याची जेमतेम एक टक्का. 17 स्नायू त्याला धरून असतात आणि तो बरगड्यांवर मोकळा सरकतो, त्यामुळे बराचसा मार तिथेच जिरतो.

म्हणूनच खवाटा मोडला, तर तडाखा जबर होता हे धरूनच चालावं. भरधाव दुचाकीवरून पडणं, उंचावरून कोसळणं अशा अपघातांत तो मोडतो. पेशंट म्हणतो, "खांदा दुखतोय," आणि दुसऱ्या हातानं तो हात छातीशी घट्ट धरून बसतो. पण खरा धोका बहुतेकदा खांद्यात नसतोच. बरगड्या मोडलेल्या असतात, फुप्फुसाला मार बसलेला असतो, फुप्फुसाभोवती हवा साचत असते, कधी हाताकडे जाणाऱ्या नसा ताणलेल्या असतात. आधी श्वास, मग हाड, हा क्रम चुकता कामा नये.

गंभीर जखमींमध्ये हे फ्रॅक्चर सुटूनही जातं. आडवं झोपवून काढलेल्या छातीच्या एक्स-रेत खवाट्यावर बरगड्यांची सावली पडते. म्हणून खांद्याचे वेगळे एक्स-रे काढावे लागतात. त्यातल्या एकात खवाटा इंग्रजी वाय अक्षरासारखा दिसतो. शंका उरली तर सीटी स्कॅन. विजेचा जोरदार झटका बसलेल्या माणसाचा खवाटा तर बाहेरून काही न लागताही मोडू शकतो, कारण स्वतःचेच स्नायू एकदम आवळले जातात. तिथे दोन्ही बाजूंचे खवाटे बघायला हवेत.

उलटी फसगतही होते. खवाट्याचं जे टोक खांद्यावर येतं, त्या अॅक्रोमियनचा तुकडा काही जणांत वाढत्या वयात जुळतच नाही. एक्स-रेत तो मोडल्यासारखा वाटतो. पण त्याच्या कडा गुळगुळीत असतात, ताज्या फ्रॅक्चरच्या तीक्ष्ण.

उपचार ऐकून अनेकांना खरं वाटत नाही. बहुतेक खवाटे ऑपरेशनशिवाय जुळतात. भोवती स्नायूंचं दाट आवरण असल्यानं रक्तपुरवठा चांगला असतो आणि साधारण सहा आठवड्यांत हाड सांधतं. प्लास्टर लागत नाही, दोन-तीन आठवडे हात झोळीत. सांध्याच्या खोबणीतच चीर जाऊन तुकडे चार-पाच मिलिमीटरहून जास्त सरकले, किंवा खवाट्याची मान (खोबणीलगतचा निमुळता भाग) आणि गळ्याजवळचं हाड दोन्ही मोडून खांदा लोंबकळू लागला, तर मात्र प्लेट-स्क्रूचा विचार होतो.

या दिवसांत चोळणं, मालीश मुळीच नको. पण झोळीत हात महिनोन्‌महिने ठेवणंही तितकंच वाईट, सांधा आखडतो. दुखणं ओसरलं आणि डॉक्टरांनी परवानगी दिली, की टेबलावर चांगला हात टेकून पुढे वाकायचं, दुखरा हात सैल सोडायचा आणि घड्याळाच्या लंबकासारखा हलके हलके झुलवायचा.