हनुमान ढोका, काठमांडू

नेपाळची राजधानी काठमांडू हिच्या जुन्या वस्तीतील राजवाडा, त्याभोवतालचे चौक, मंदिरे व सार्वजनिक वास्तू यांच्या समूहाला राजवाड्याच्या मुख्य दरवाजावरून ‘हनुमान ढोका’ हे नाव पडले आहे. नेपाळीत ‘ढोका’ म्हणजे दरवाजा. मराठीतील ‘धोका’ या शब्दाशी त्याचा संबंध नाही. याच परिसराला वसंतपूर किंवा काठमांडू दरबार चौक असेही म्हणतात. काठमांडू खोऱ्यातील ज्या सात स्थळांचा १९७९ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत एकत्रित समावेश झाला, त्यांपैकी हे एक होय.

येथील राजसत्तेचा आरंभ नेमका केव्हा झाला, हे निश्चित सांगता येत नाही. लिच्छवी राजवंशाच्या काळातील (सुमारे पाचवे ते आठवे शतक) शिलालेखांत मानगृह व कैलासकूट या राजगृहांची नावे येतात. त्यांपैकी एखादे याच जागी असावे, असा तर्क काही अभ्यासकांनी केला आहे, तथापि त्याला पुरेसा आधार मिळालेला नाही. गुणकामदेव राजाने दहाव्या शतकाच्या सुमारास कांतिपूर, म्हणजे काठमांडू, वसविले, ही वंशावळींतील, म्हणजे राजवंशांच्या बखरींतील, कथाही त्यापूर्वीच्या दक्षिणकोलीग्राम या वस्तीच्या शिलालेखीय उल्लेखांमुळे जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. खोऱ्यावर राज्य करणाऱ्या मल्ल वंशातील यक्ष मल्लाच्या मृत्यूनंतर (१४८२) खोऱ्याच्या राज्याची वाटणी होऊन रत्न मल्लाने काठमांडूत स्वतंत्र गादी स्थापन केली. तेव्हापासूनचा इतिहास मात्र बऱ्यापैकी सलग आहे.

राजवाड्याच्या नैर्ऋत्येस मरू टोलात (टोल म्हणजे मोहल्ला) काष्ठमंडप ही लाकडी वास्तू आहे आणि शहराचे नाव त्यावरूनच आले, हे सर्वमान्य आहे. खोऱ्यातील मूळ रहिवासी नेवार लोक त्याला मरू सत्तल म्हणतात. सत्तल म्हणजे वाटसरू, साधू व गावकरी यांच्यासाठी बांधलेली उघडी वास्तू. आपल्याकडील चावडी आणि धर्मशाळा यांचे मिश्रण म्हटले तर कल्पना येईल. मधोमध गोरक्षनाथांची मूर्ती असल्यामुळे नाथपंथी कानफाट्यांचा येथे दीर्घकाळ निवास होता. संपूर्ण मंडप एकाच झाडाच्या लाकडातून उभा राहिला, अशी लोककथा आहे.

या वास्तूच्या काळाविषयी मतभेद आहेत. उत्तरकालीन वंशावळी तिचे श्रेय लक्ष्मीनरसिंह मल्लाला देत व काळ सोळाव्या शतकाची अखेर सांगत. जुन्या प्रवासवर्णनांतून व मार्गदर्शिकांतून तोच पुढे चालत आला. परंतु ११४३ च्या एका हस्तलिखिताच्या पुष्पिकेत, म्हणजे शेवटच्या समाप्तिलेखात, काष्ठमंडपाचे नाव आढळल्याने हे मत मागे पडले. अर्थात पुष्पिकेतील नाव वास्तूचे की तिच्यावरून रूढ झालेल्या वस्तीचे, हा प्रश्न राहतोच. मात्र वस्तीचे मानले तरी वास्तू त्याहून जुनी ठरते. २०१५ च्या भूकंपात मंडप कोसळल्यानंतर नेपाळचा पुरातत्त्व विभाग व इंग्लंडमधील डरॅम विद्यापीठ यांच्या पथकाने रॉबिन कॉनिंगहॅम यांच्या सहभागाने पायाचे उत्खनन केले, तेव्हा नऊ कोठ्यांच्या मंडलाकृती विटांच्या पायाचा काळ सातव्या शतकापर्यंत मागे जातो, असे दिसून आले. यावरून मंडपच लिच्छवीकालीन आहे, असे विधान आता सर्रास केले जाते. पायाचे वय आणि वरच्या लाकूडकामाचे वय एक धरता येत नाही. लाकडी वास्तूचे भाग पिढ्यानपिढ्या बदलले जातात. पाया लिच्छवीकालीन, बाराव्या शतकापूर्वी त्यावर मंडप उभा आणि पुढे त्याची वारंवार डागडुजी, एवढेच विधान सध्या सुरक्षित वाटते.

राजवाड्याच्या ईशान्य भागातील तलेजू मंदिर महेंद्र मल्लाने १५६४ मध्ये बांधले. पायऱ्यापायऱ्यांच्या उंच चौथऱ्यावरील हे तीन छपरांचे मंदिर सर्वसामान्य हिंदू भाविकांना वर्षातून एकदाच, महानवमीला, खुले होते. तलेजू ही मल्ल राजांची कुलदेवता. तिचे नाव तुळजापूरच्या तुळजाभवानीशी जोडले जाते, म्हणून मराठी वाचकाला या प्रश्नात विशेष रस असणे स्वाभाविक आहे. परंपरा अशी : मिथिलेतील सिमरौनगढचा कर्णाटवंशीय राजा हरिसिंहदेव १३२४ मध्ये गियासुद्दीन तुघलकाच्या स्वारीमुळे परागंदा झाला आणि आपल्या कुलदेवतेसह नेपाळात येऊन त्याने भक्तपूर जिंकले. या वंशाचा मूळ पुरुष नान्यदेव दक्षिणेतून आला असल्याने देवीही दख्खनमधून मिथिलामार्गे नेपाळात पोहोचली, असा निष्कर्ष त्यातून काढला जातो.

ही साखळी पहिल्याच कडीला कच्ची आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या गोपाळराजवंशावळीनुसार हरिसिंहदेव दोलखाच्या वाटेवर तीनपाटन येथे मरण पावला. त्याने खोरे जिंकले नाही. खोऱ्यात पोहोचली ती त्याची राणी देवलदेवी आणि पुत्र जगत्सिंह. जगत्सिंहाची कन्या राजल्लदेवी हिच्याशी जयस्थिती मल्लाचा विवाह झाला आणि या नात्याच्या बळावर पुढील मल्लांनी कर्णाट वंशाशी नाते सांगितले. प्रताप मल्लाच्या लेखांत नान्यदेवापासूनची वंशावळ येते ती यामुळेच. नावाच्या व्युत्पत्तीबद्दलही एकमत नाही. ‘जू’ हा नेवारीतील आदरार्थी प्रत्यय असून ‘तले’ म्हणजे वरचा मजला किंवा उंच स्थान, असे एक मत आहे. तसे असल्यास ‘तुळजा’शी असलेले साम्य केवळ ध्वनीचे ठरते. देवीचे मंत्र व पूजाविधी गुप्त राखले जात असल्याने विधींची तुलना करून निर्णय करण्याचा मार्गही जवळजवळ बंद आहे. मिथिलेच्या राजकुळाची देवी देवलदेवीबरोबर भक्तपुरास आली आणि स्थानिक देवीशी एकरूप झाली, हे मत अधिक संभवनीय दिसते. तुळजापूरपर्यंतचा दुवा मात्र सिद्ध झालेला नाही.

परिसराला आजचे रूप मुख्यतः प्रताप मल्लाच्या कारकीर्दीत (१६४१–७४) आले. दरवाजाजवळची हनुमानाची मूर्ती त्याने १६७२ मध्ये बसविली. शेंदराची पुटे चढून तिचे नाकडोळे पार बुजले आहेत. लाल वस्त्र पांघरलेला, छत्राखाली बसलेला एक गोळाच काय तो दिसतो. समोरच्या जगन्नाथ मंदिराच्या टुंडालांवरील, म्हणजे छपराला पेलणाऱ्या तिरकस लाकडांवरील, मैथुनशिल्पे ब्रह्मचारी देवाच्या दृष्टीस पडू नयेत म्हणून चेहरा झाकला, असे लोक सांगतात. जवळच राजवाड्याच्या भिंतीत १६५४ चा कालिकास्तुतीचा शिलालेख आहे. त्याचे वर्णन ‘पंधरा भाषांतील लेख’ असे केले जाते. पंधरा लिप्यांतील म्हणणे अधिक बरोबर. त्यातील रोमन लिपीतला मजकूर म्हणजे शरद व हिवाळा यांचे फ्रेंच शब्द आणि हिवाळ्याचा इंग्रजी शब्द, एवढाच आहे. स्तुतीशी त्यांचा संबंध नाही. राजाची बहुभाषापांडित्याची हौस तेवढी दिसते. ग्र्यूबर व दॉर्व्हिल हे जेझुइट प्रवासी काठमांडूत आले ते १६६२ मध्ये, म्हणजे लेखानंतर, तेव्हा हे शब्द त्यांच्याकडून मिळालेले नाहीत. चौकातील काळभैरवाच्या प्रचंड पाषाणमूर्तीसमोर खोटे बोलणारा तत्काळ मरतो, या समजुतीमुळे तेथे शपथ घेण्याचा प्रघात होता.

जयप्रकाश मल्लाने १७५७ मध्ये कुमारी घर बांधले. तलेजूचे सजीव रूप मानलेली बालिका येथे राहते आणि इंद्रजात्रेला तिचा रथ निघतो. १७६८ च्या इंद्रजात्रेतच गोरखा राजा पृथ्वीनारायण शाहने शहर घेतले व कुमारीकडून टिळा लावून घेतला. २००८ मध्ये राजेशाही संपल्यानंतर हा मान राष्ट्राध्यक्षांकडे आला. वसंतपूरचा नऊमजली मनोरा पृथ्वीनारायणाच्या काळातील, साधारण १७७० चा आहे. वायव्येकडील कोत या शस्त्रागाराच्या आवारात १४ सप्टेंबर १८४६ च्या रात्री झालेल्या सरदारांच्या कत्तलीतून जंगबहादूर राणा सत्तेवर आला. पांढऱ्या, युरोपीय घाटाची गद्दी बैठक राणा पंतप्रधान चंद्रशमशेरच्या काळात १९०८ मध्ये उभी राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राजनिवास नारायणहिटी राजवाड्यात हलला, पण राज्याभिषेक हनुमान ढोक्यातील नासल चौकातच होत राहिले. राजे वीरेंद्र यांचा १९७५ मध्ये तेथेच झाला.

२५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात काष्ठमंडपासह माजू देगा व त्रैलोक्यमोहन नारायण ही मंदिरे जमीनदोस्त झाली आणि नऊमजली मनोऱ्याचा माथा ढासळला. काष्ठमंडपाच्या नाशाचे कारण भूकंपाची तीव्रता एवढेच नव्हते. पाया जवळपास शाबूत निघाला. मात्र चार मुख्य खांबांपैकी एक खांब तळखड्यात (खांबाखालच्या दगडात) नीट बसलेला नव्हता, त्यात अडकणारी त्याची कूस नष्ट झाली होती आणि विसाव्या शतकातील दुरुस्तीत वरून फरशी घातल्यामुळे तो दोष झाकला गेला होता. पुनर्बांधणीत जुना पाया कायम ठेवून त्यावर लाकडी सांगाडा पुन्हा उभारण्यात आला. हे काम २०२२ मध्ये पूर्ण झाले.