मुस्लिम विवाहकायद्यातील सुधारणा : पार्श्वभूमी

निकाह हा करार. त्यात अटी घालता येतात, पतीने द्यायचा मेहेर पत्नीच्या मालकीचा असतो. खरी अडचण करारातून बाहेर पडण्याची होती. पती एकतर्फी तलाक देऊ शके; पत्नीला 'खुला', म्हणजे तिने मागितलेला घटस्फोट, हवा तर बहुधा पतीची संमती लागे, नाहीतर काझीकडे जावे लागे. इस्लामी कायद्याच्या हनफी शाखेत तर काझीचेही हात बांधलेले. नवरा बेपत्ता झाला, तर त्याच्या वयाची माणसे हयात नसतील इतका काळ लोटेपर्यंत ती त्याची पत्नीच. मालिकी शाखेत हीच मुदत चार वर्षांची.

सुधारणेची पहिली वाट याच फरकातून निघाली. उस्मानी साम्राज्याने १९१७ च्या कुटुंबकायद्यात हनफी चौकटीबाहेरचे नियम घेतले. तुर्कस्तानात तो लवकरच रद्द झाला, पण अरब प्रदेशांत टिकला.

भारतात तर स्त्रियांनीच कोंडी फोडली, तीही अनपेक्षित मार्गाने. धर्म सोडला की विवाह आपोआप मोडतो, असे न्यायालये मानत. म्हणून पंजाबात काही जणी सुटकेसाठी धर्मांतर करू लागल्या. उलेमा, म्हणजे धर्मपंडित, हादरले. मौलाना अशरफ अली थानवी यांनी १९३१ मध्ये मालिकी मताचा आधार घेत घटस्फोटाची कारणे मांडली. पुढे १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आला. पती चार वर्षे बेपत्ता, दोन वर्षे पोटगी नाही, क्रूर वागणूक, अशा कारणांवर पत्नीला न्यायालयात जाता येऊ लागले. त्याच कायद्याने धर्मांतराची पळवाटही बुजवली. म्हणजे स्त्रीच्या हक्कामागे समाज हातचा जाण्याची धास्तीही होती, हे विसरू नये.

पतीच्या अधिकाराला मात्र या कायद्याने हात लावला नव्हता. ते धाडस १९५६ मध्ये ट्युनिशियाने केले : बहुपत्नीत्वावर बंदी, तलाक फक्त न्यायालयात. सगळ्या पत्नींना समान वागवणे जमणार नाही, या कुराणातील वचनाचाच आधार तिथले नेते बुर्गिबा यांनी दिला. इजिप्तने २००० मध्ये पतीच्या संमतीविना खुला मान्य केला. मोरोक्कोने २००४ मध्ये मुलींचे विवाहाचे वय १८ केले, न्यायाधीशाच्या परवानगीची फट ठेवून.

आपल्याकडे १८ एप्रिल १९६६ रोजी समाजसुधारक हमीद दलवाई यांनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व हेच त्यांचे मुद्दे. एका दमातला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये, तीन विरुद्ध दोन मतांनी, रद्द ठरवला. २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा केला. बहुपत्नीत्वाला त्या कायद्याने स्पर्श केला नाही.