राउटर टेबल, लहान सुतारशाळेतील

राउटर हे लाकडात झिरी, रिबेट (कडेची पायरीसारखी खाच), खाच किंवा कडेची नक्षी कोरणारे अतिवेगवान विजेचे हत्यार सपाट मेजाखाली उलटे टांगून, त्याचे बिट (फिरणारे कापण्याचे टोक) मेजाच्या पृष्ठातून वर काढून वापरण्याची मांडणी. हातात धरलेला राउटर लाकडावरून फिरतो. येथे बिट जागेवर राहते व लाकूड त्याच्या अंगावर सरकवले जाते. अरुंद पट्ट्या, लांब मोल्डिंग आणि राउटर ज्यांच्यावर तोलताच येत नाही असे लहान तुकडे यांच्यासाठी ही मांडणी अधिक सोयीची व, नियम पाळल्यास, अधिक सुरक्षित असते. लघु प्रकारात वरचे पान साधारणपणे ६०० × ४५० मि.मी. असून ते कामाच्या बाकावर किंवा स्वतःच्या पेटीवजा बैठकीवर ठेवतात. प्रस्तुत नोंदीत या लघु प्रकाराचा विचार मुख्यतः नागपूरचे हवामान व तेथील सागकाम यांच्या संदर्भात केला आहे.

उगम : हातराउटर नेमका कोणी प्रथम केला याविषयी एकमत नाही. त्याच्याआधी ‘राउटर’ हे नाव एका रंध्याचे होते. झिरीचा तळ एकसारख्या खोलीचा करणारा हा हातरंधा असून स्टॅन्ली कंपनीचा ७१ क्रमांकाचा रंधा १८८० च्या दशकापासून प्रसिद्ध आहे. यंत्राने चालणाऱ्या राउटरच्या बाबतीत तीन दावे पुढे येतात. अमेरिकेतील बफलो येथील केली इलेक्ट्रिक मशीन कंपनीचे यंत्र सु. १९०५ चे मानले जाते. ते फार अवजड होते आणि आजच्या हातराउटरशी त्याचे साम्य कमीच. दुसरा दावा शिकागोच्या ऑस्कर ऑन्सरुड यांचा. त्यांचा सु. १९१५ चा राउटर दाबाखालील हवेवर चाले व त्याचा वेग मिनिटाला सु. ३०,००० फेरे सांगितला जातो. तिसरा दावा न्यूयॉर्क राज्यातील आर. एल. कार्टर यांचा. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी न्हाव्याच्या विजेच्या केस कापण्याच्या यंत्रातील दंतचक्राला धार लावून, ते मोटरला जोडून पाते केले अशी हकीकत सांगतात. ती पुढे थोडी रंगवली गेली असावी. मात्र त्यांचा व्यवसाय १९२९ मध्ये स्टॅन्ली कंपनीने घेतला, याविषयी वाद नाही.

हे तीन दावे खरे पाहता तीन वेगळ्या गोष्टींविषयी आहेत. विजेवर फिरणारे पाते लाकडावरून फिरवणे हा निकष लावला तर केलीचे यंत्र आधीचे ठरते. आजच्या राउटरचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य असलेला वेग पाहिला तर ऑन्सरुड यांना मान द्यावा लागतो. एका माणसाने सहज उचलावे, लहान कारखान्याला परवडावे असे हत्यार म्हणून कार्टर यांची रचनाच आजच्या राउटरची सरळ पूर्वज दिसते, आणि टेबलाच्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहे. कारण मोटर आपल्या बैठकीतून मोकळी करता येत असल्यामुळेच ती उलटी टांगण्याचा मार्ग खुला झाला.

टेबलाचा वंश मात्र वेगळा आहे. मेजातून उभा दांडा वर काढून त्याला पाती बसवायची आणि लाकूड पट्टीला टेकवून सरकवायचे, ही कल्पना स्पिंडल मोल्डरची असून ते यंत्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रचारात आले. राउटर टेबल हा त्याचाच घरगुती, हलका अवतार होय. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत राउटरची मोटर उलटी बसवण्याची छोटी टेबले मिळू लागली होती. जर्मनीतील एलू कंपनीचा खाली दाबता येणारा प्लंज राउटर सु. १९५० चा. त्यानंतर यंत्र जसजसे स्वस्त झाले तसतशी छंदी सुतारांनी स्वतःच टेबल बांधण्याची पद्धत रूढ झाली. टंगस्टन कार्बाइडची टोके असलेल्या बिटांनी यात मोठी भर घातली. या कठीण मिश्रणाचे मूळ १९२० च्या दशकातील जर्मन संशोधनात आहे. सागासारख्या सिलिकायुक्त लाकडात साध्या पोलादाची धार लवकर जाते. कार्बाइडची बरीच टिकते.

पान : टेबलाचे मूल्य मोटरच्या वॉटमध्ये मोजण्याची चूक सर्रास होते. काम बिघडते ते बहुधा पान सपाट नसल्यामुळे. पानाच्या मध्यभागी चार ते सहा किलोंचा राउटर सतत लोंबत असतो. पान खाली झोळले की पट्टीचे एक टोक उचलले जाते, बिटाची खोली लांबीभर बदलत जाते आणि जोडात फट राहते. फेन्स (लाकूड टेकवण्याची उभी पट्टी) कितीही नेमकी बसवली तरी हा दोष झाकता येत नाही.

नागपुरात या प्रश्नाला हवामानाची जोड मिळते. मे महिन्यात तापमान ४५° से.च्या पुढे जाते व दुपारची सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते. जुलै-ऑगस्टमध्ये तीच ८० टक्क्यांवर असते. त्यात उन्हाळ्यात सुतारशाळेत कूलर चालू असतो, म्हणजे त्याच्या झोतात ठेवलेले लाकूड ओल घेते आणि भिंतीकडचे सुकत राहते. हिरव्या लाकडापासून पूर्ण सुकेपर्यंत साग स्पर्शरेषेच्या (वाढीच्या वलयांना लागून जाणाऱ्या) दिशेत सु. ५.८ टक्के व त्रिज्येच्या दिशेत सु. २.५ टक्के आक्रसतो. इमारती लाकडांत हे प्रमाण कमीच समजले जाते. तरीही ओलाव्यात पाच टक्क्यांचा फरक पडला, तर ४५० मि.मी. रुंदीच्या उभ्या फळ्यांच्या पानात चार-साडेचार मि.मी.ची घटबढ होऊ शकते. चंद्रपूर-गडचिरोलीचा उत्तम साग लकडगंजातील वखारींत हाताशी असताना पानही त्याचेच करावे, असा मोह सुतारांना होणे स्वाभाविक आहे. परंतु सागाची जागा पायांत व चौकटीत आहे, पानात नाही.

पानासाठी १८ मि.मी.ची दोन प्लायवूड एकमेकांवर चिकटवून ३६ मि.मी. जाडी घेणे सर्वांत विश्वसनीय. एमडीएफ (लाकडाच्या बारीक तंतूंची दाबून केलेली फळी) अधिक सपाट मिळते हे खरे, पण पावसाळ्यात त्याच्या उघड्या कडा फुगतात. ते वापरलेच तर कडांना सागाची पट्टी लावून पॉलिशने सर्व तोंडे बंद करावी लागतात. वरच्या बाजूला सनमाईका लावण्याची पद्धत आहेच. ती खालच्या बाजूलाही लावणे मात्र अनेक ठिकाणी पैशाचा अपव्यय समजून टाळले जाते, आणि बहुतेक वाकलेल्या पानांचे मूळ तेथेच सापडते. एका अंगाने हवा बंद व दुसऱ्या अंगाने उघडी राहिली की पान ऋतूबरोबर वाटीसारखे वळते. खालची सनमाईका हलक्या प्रतीची, उरलेल्या तुकड्यांची असली तरी चालते. पानाखाली सु. ७५ मि.मी. उंचीच्या उभ्या पट्ट्या, राउटरच्या दोन्ही अंगांना जवळून जातील अशा, बसवल्या म्हणजे झोळ जवळजवळ नाहीसा होतो. पट्ट्यांची वरची कड रंध्याने सरळ करून घेणे अगत्याचे आहे, कारण पान त्यांचाच आकार घेते.

प्लेट : राउटर पानाला थेट लावावा की वेगळ्या प्लेटवर, याबाबत जाणकारांत दोन मते आहेत. थेट लावल्यास वेगळी प्लेट व तिचा सांधा टळतो. पण ३६ मि.मी. जाड लाकडात मागून खोल खड्डा करून तळ पातळ करावा लागतो आणि बिट पुरेसे वर येत नाही. सहा मि.मी. ॲल्युमिनियमची किंवा दहा मि.मी. फिनोलिक (कडक राळेच्या) शीटची प्लेट पानात रिबेट पाडून बसवणे बहुतेकांना पसंत आहे व लहान टेबलासाठीही तेच ग्राह्य वाटते. ॲक्रिलिक व पॉलिकार्बोनेट पारदर्शक असल्याने आकर्षक दिसतात, मात्र वजनाखाली हळूहळू वाकतात.

प्लेटची बैठक नेमकी करण्यासाठी रिबेट आधी किंचित खोल पाडून चारही कोपऱ्यांत खालून वर येणारे स्क्रू ठेवावेत आणि पोलादी पट्टी आडवी ठेवून प्लेट पानाशी समतल करावी. शंका असल्यास प्लेट केसभर उंच असलेली परवडते. खोल असेल तर लाकडाचे पुढचे टोक पलीकडच्या कडेवर अडते, आणि अडलेले लाकूड ढकलताना बोटे बिटाकडे घसरतात. बिटाभोवतीचे छिद्र लहान-मोठे करण्यासाठी वेगवेगळ्या व्यासांची कडी ठेवतात. मोठ्या छिद्रात पट्टीचे टोक खाली डोकावते.

फेन्स : गोल करवतीच्या टेबलावर फेन्स पात्याशी समांतर असावीच लागते. येथे तशी गरज नाही. बिट गोल असल्याने फेन्स कोणत्याही कोनात असली तरी बिट व फेन्स यांतील अंतर तेवढेच काय ते महत्त्वाचे. याचा लहान टेबलावर मोठा फायदा घेता येतो. फेन्सचे एक टोक बोल्टवर फिरते ठेवून दुसरे टोक क्लॅम्पने आवळले, आणि बिट दोहोंच्या मध्यावर असेल, तर मोकळे टोक एक मि.मी. सरकवल्यास बिटापाशी अर्धाच मि.मी. फरक पडतो. महागड्या मोजपट्टीवाचून एवढा बारकावा दुसऱ्या रीतीने मिळणे कठीण. अशी तिरकी फेन्स वापरताना पानात कोनपट्टीसाठी (लाकूड ठरावीक कोनात धरून सरकवणाऱ्या पट्टीसाठी) झिरी पाडू नये, कारण ती फेन्सशी समांतर राहणार नाही. पट्टीचे आडवे टोक कापताना तिच्यामागे गुण्यात (काटकोनात) कापलेला जाड ठोकळा फेन्सला टेकवून ढकलावा. तो टोकाचे सालपट उडू देत नाही आणि हातही लांब ठेवतो.

फेन्सचे तोंड दोन भागांत, सरकते ठेवतात. फळीची कड सरळ करायची असल्यास डावीकडच्या भागामागे सनमाईकाचा १ मि.मी. तुकडा घालून तो पुढे आणतात व बिट त्याच्याशी समतल करतात. एका फेरीत तेवढीच लाकूडजाडी उतरते. लहान जागेत या एका युक्तीने रंधा यंत्राची बरीच उणीव भरून निघते.

गती व दिशा : उलट्या टांगलेल्या राउटरचे बिट वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते. म्हणून बिटामागे फेन्स ठेवून लाकूड उजवीकडून डावीकडे सरकवावे. उलट दिशेने सरकवल्यास बिट लाकूड हिसकावून फेकते. लाकूड बिट व फेन्स यांच्या मधून कधीही नेऊ नये. बिटाचा व्यास वाढला की वेग कमी करावा लागतो, कारण धारेचा वेग व्यासाबरोबर वाढतो : मिनिटाला २४,००० फेऱ्यांत १२ मि.मी.च्या बिटाची धार सेकंदाला सु. १५ मीटर जाते, ५० मि.मी.ची सु. ६३ मीटर. मोठ्या बिटासाठी १२,००० च्या आसपास फेरे पुरे. सनमाईका छाटण्याच्या लहान ट्रिमरना बहुधा वेगनियंत्रण नसते. ते टेबलाखाली लावल्यास छोटी बिटेच वापरावीत.

बाजारात ६ मि.मी. व पाव इंच म्हणजे ६.३५ मि.मी. या दोन्ही दांड्यांची बिटे शेजारी शेजारी मिळतात. दिसायला ती सारखी असतात. सहाचा दांडा पाव इंची कोलेटमध्ये (बिटाचा दांडा आवळून धरणाऱ्या नळीत) आवळल्यासारखा वाटतो पण घट्ट बसत नाही, आणि भार पडताच वर सरकतो. १२ व १२.७ मि.मी. यांचेही तसेच. दांडा कोलेटच्या तळाला टेकवून मग दोन-तीन मि.मी. वर घेऊन आवळावा.

वीज जाऊन परत येते तेव्हा राउटर आपोआप सुरू होऊ नये यासाठी नो-व्होल्ट स्विच लावणे आवश्यक आहे. यंत्राचे स्वतःचे बटण पानाखाली लपलेले असते, तेव्हा हा स्विच पुढच्या बाजूला, मांडीने दाबता येईल असा हवा.

नागपुरातील उपयोग : दाराच्या पल्ल्यांची पॅनेल, खिडकीची चौकट, देव्हाऱ्याच्या कडा, नोजिंग (कडेची गोलसर पट्टी) ही नेहमीची कामे. शहराचे खास असे एक काम तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलांचे आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले चाकांवरचे लाकडी बैल मिरवतात; ही प्रथा दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी १८०६ मध्ये सुरू केल्याचे परंपरा सांगते. कोरीव बैल पटाशीनेच होतो आणि त्याची सर यंत्राला येत नाही. मात्र त्याची पाटी, चाके व सपाट फळीतून कापलेले साधे बैल यांना बेअरिंग असलेले (साच्याच्या कडेला टेकून फिरणारे) बिट आणि प्लायवूडचा साचा पुरतो. यात फेन्स काढून, पानात रोवलेल्या आधाराच्या खुंटीला तुकडा टेकवून हळूच बिटावर घेतात. शिंगे व कान यांपाशी लाकडाची रेषा आडवी येते व तेथे टोक तुटते. आधी करवतीने साच्याच्या रेघेपर्यंत मिलिमीटरभर राखून कापल्यास हा धोका बराच टळतो. वीतभर तुकडे थेट बोटांनी धरू नयेत, मुठीच्या ठोकळ्यावर दुतोंडी टेपने चिकटवावेत.

भुसा : राउटरचा भुसा बारीक असतो व हवेत बराच वेळ तरंगतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात घातली. नाक व त्याभोवतीच्या पोकळ्यांचा कर्करोग हा त्यातील मुख्य होय. सागात लॅपॅकॉल व डिऑक्सिलॅपॅकॉल ही द्रव्ये असून त्यांमुळे काहींच्या त्वचेला खाज व पुरळ येते. फेन्सच्या मागे व्हॅक्यूमची नळी बसेल असे तोंड करणे फेन्सइतकेच अगत्याचे समजावे. झिरी पाडताना भुसा फेन्सकडे न जाता खालीच पडतो, म्हणून पानाखालच्या पेटीलाही एक तोंड द्यावे. पेटी चारही बाजूंनी बंद केल्यास मोटर तापते. उलट्या राउटरची हवा आत घेण्याची छिद्रे खाली येतात, तेवढा भाग मोकळा राहील अशी पेटी असावी आणि कोलेटमध्ये बसलेला भुसा दर वेळी बिट बदलताना ब्रशने काढावा.