टोपलीभर मासे खंड : पोर्झिउन्कोलाच्या चॅपेलची पार्श्वभूमी

वर्षाला माशांची एक टोपली. इटलीतल्या असिसी गावाखाली, सपाटीवरच्या झाडीत पडून असलेले एक जुने चॅपेल, म्हणजे छोटे ख्रिस्ती प्रार्थनामंदिर, वापरायला मिळाले, त्याचा हा खंड. तेराव्या शतकातला असिसीचा संत फ्रान्सिस आणि त्याच्या सोबत्यांनी तो डोंगरावरच्या बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती संघाच्या मठाला पोचवायचा, आणि मठाने मासे मिळाल्याची पोच म्हणून तेलाचा बुधला धाडायचा. कोकणात खोत आणि कुळे यांच्यात खंडावरून काय काय झाले हे ज्यांनी घरी ऐकले आहे, त्यांना या व्यवहाराचे हसू येईल. फ्रान्सिस मात्र त्याबाबत काटेकोर होता. मठाधिपती चॅपेल द्यायला राजी होता, फ्रान्सिसलाच मालकी नको होती. आपण इथे कूळ आहोत याची दरवर्षी आठवण राहावी, एवढ्यासाठी ती टोपली.

चॅपेलचे नाव पोर्झिउन्कोला, म्हणजे जमिनीचा इवलासा वाटा. रुंदी जेमतेम चार मीटर. आपल्याकडे गावाच्या वेशीवर म्हसोबाचे देऊळ असावे, साधारण त्या ऐपतीचे. तिथवर पोचण्याआधी फ्रान्सिसचे बरेच काही सुटले होते. बाप पिएत्रो बेर्नार्दोने हा कापडाचा बडा व्यापारी. शेजारच्या पेरुजाशी झालेल्या लढाईत मुलगा पकडला गेला आणि वर्षभर कैदेत राहिला. परत आला तो बदललेला. सान दामियानोच्या पडक्या चर्चमध्ये क्रूसासमोर प्रार्थना करताना ‘माझे घर दुरुस्त कर’ असे त्याला ऐकू आले. त्याने ते शब्दशः घेतले आणि बापाच्या दुकानातले कापड घोड्यासकट विकून पैसे उभे केले. प्रकरण बिशपपुढे गेले, तेव्हा भर लोकांत अंगावरचे कपडे उतरवून त्याने बापाला परत केले. मग गवंडीकाम सुरू झाले. दगड मागून आणायचे आणि भिंती उभ्या करायच्या. सान दामियानो झाले, आणखी एक चर्च झाले, तिसरे पोर्झिउन्कोला.

इथेच १२०८ सालच्या फेब्रुवारीत (काही अभ्यासक १२०९ धरतात) मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचा उतारा वाचला गेला : वाटेसाठी सोने, रुपे, झोळी, दोन अंगरखे, वहाणा, काठी, काहीही घेऊ नका. फ्रान्सिसने तिथल्या तिथे वहाणा काढल्या, चामड्याचा पट्टा टाकून कमरेला दोरी बांधली. फ्रान्सिस्कन, म्हणजे त्याच्या संघातल्या, बांधवांच्या कमरेला आज जो दोर दिसतो तो तिथला. थोड्याच दिवसांत बेर्नार्दो नावाचा असिसीतला सधन गृहस्थ घरदार वाटून त्याला येऊन मिळाला, मग पिएत्रो (बाप नव्हे, दुसरा), मग एजिदिओ. बाराजण झाल्यावर ते रोमला गेले आणि पोप तिसरा इनोसंट याने तोंडी परवानगी दिली. संघाचे नाव ठेवले ‘धाकटे बंधू’. १२१२ मध्ये झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, रात्री असिसीतली क्लेअर नावाची तरुणी घरातून निघून याच चॅपेलमध्ये आली, तिचे केस इथे कापले गेले, आणि स्त्रियांचा संघही सुरू झाला.

वाढ इतकी झपाट्याने झाली की पेन्टेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या एका सभेला पाच हजार बंधू जमले आणि चटयांच्या झोपड्यांत राहिले, असे जुने ग्रंथ सांगतात. आकडा थोडा फुगलेला असेल. गर्दी मात्र खरी होती, कारण असिसीकरांनी फ्रान्सिस बाहेरगावी असताना सभेच्या सोयीसाठी चॅपेलशेजारी पक्के घर बांधून टाकले. परतल्यावर तो थेट छपरावर चढला आणि कौले काढून खाली भिरकावू लागला. घर गावाचे आहे, तुमचे नाही, असे खालून सांगितले गेले तेव्हा कुठे तो उतरला. भिंती त्याला चालत होत्या, सातबारा चालत नव्हता. १२२६ च्या ३ ऑक्टोबरला तो मरण पावला तो या चॅपेलजवळच, स्वतःच्या सांगण्यावरून उघड्या जमिनीवर.

त्याच्यामागे हा प्रश्न संघाला पुरून उरला. हजारो बंधूंना मठ लागतात, पुस्तके लागतात; मग ती कुणाची? १२७९ मध्ये तिसऱ्या निकोलस पोपने तोड काढली : वापर बंधूंचा, मालकी पोपची. बाविसाव्या जॉनने १३२२ मध्ये ही सोयच मोडीत काढली, आणि ख्रिस्त व प्रेषित यांच्याकडे काहीच मालकीचे नव्हते हे मत पुढल्या वर्षी पाखंड ठरवले.

इथे गोष्ट आपल्या दारात येते. इटलीतल्या तोलेन्तिनोचा तोमासो हा फ्रान्सिस्कन दारिद्र्याचा कडवा पुरस्कर्ता होता. त्या पायी त्याने आपल्याच संघाच्या कैदेत दिवस काढले होते. सुटल्यावर तो आर्मेनियाला गेला आणि अखेर चीनच्या वाटेवर तीन सोबत्यांसह ठाण्याला उतरला. तिथे एका नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या एका ख्रिस्ती पंथातल्या, कुटुंबाकडे ते राहिले. काझीपुढे धर्मावरून वाद झाला आणि एप्रिल १३२१ मध्ये चौघेही मारले गेले. बरोबर आलेला जॉर्डन हा डोमिनिकन, म्हणजे दुसऱ्या एका भिक्षुसंघाचा, तेव्हा गुजरातेत होता, त्याने त्यांना सोपाऱ्यात पुरले. पुढे ओदोरिक नावाचा फ्रान्सिस्कन त्यांच्या अस्थी उकरून चीनला घेऊन गेला. पोर्झिउन्कोलात वहाणा काढल्याला तेव्हा सव्वाशे वर्षेही झाली नव्हती.

सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन पुन्हा आले ते पोर्तुगीज राजाच्या आश्रयाने, आणि तो थाट वेगळा. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराच्या शैव लेण्यांचेच त्यांनी चर्च केले. त्याला अनवाणी भिक्षूंचे काम म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तिकडे असिसीखालच्या चॅपेलवर १५६९ पासून सव्वाशे मीटर लांबीची बॅसिलिका, म्हणजे भव्य चर्च, उभी राहू लागली, आणि मूळ वास्तू घुमटाखाली देवघरातल्या मखरासारखी दिसू लागली. १८३२ च्या भूकंपात बॅसिलिकेचा मोठा भाग कोसळला. आतल्या चॅपेलला काही झाले नाही.

आणि जुन्या गोव्यातल्या असिसीकर संत फ्रान्सिसच्या चर्चमध्ये मुख्य वेदी वरपासून खालपर्यंत सोनेरी आहे. मध्यभागी क्रूसावरचा ख्रिस्त आणि फ्रान्सिस आहेत. त्यांच्या पायाखालच्या बैठकीवर तीन व्रते कोरलेली आहेत : दारिद्र्य, नम्रता, आज्ञाधारकता.