एका जातीचे की एकाच उल्कापाताचे?

उल्केचा एक काळा तुकडा सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर सापडला, दुसरा खालच्या भातखाचरात. प्रयोगशाळेने दोन्हींवर ‘एल६’ लिहून दिलं, की लोक ते एकाच दगडाचे ठरवून मोकळे होतात. पण एल६ ही दगडी उल्कांची नुसती जात आहे, आणि तीही अगदी सर्रास आढळणारी. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यातल्या काटोलला पडलेले दगडही एल६च होते. म्हणून काही सड्यावरचा तुकडा काटोलचा होत नाही.

जात ठरवायला ०.०३ मिमी जाडीचा पातळ छेद करून मायक्रोप्रोब या यंत्राखाली ऑलिव्हिन या खनिजातलं फायालाइट, म्हणजे त्याचा लोहयुक्त घटक, मोजतात. दगडी उल्कांच्या एच गटात ते साधारण १६ ते २० मोल टक्के, एल गटात २२ ते २६. एका तुकड्यात १८ आणि दुसऱ्यात २४ आलं, तर उल्कापात वेगळे. अपवाद विरळा, पण आहे: २००८ साली सुदानवर फुटलेल्या एकाच लघुग्रहातून, म्हणजे अल्माहाटा सिट्टा या उल्कापातात, युरेलाइटही पडले आणि कॉन्ड्राइटही, दोन अगदी वेगळ्या प्रकारचे दगड. दोन्हीकडे २४ आलं तर मात्र अजून काहीच सिद्ध झालेलं नसतं.

गंजावरून तर ठरवूच नये. सड्यावरचा तुकडा उन्हात सुकतो, खाचरातला पावसाळाभर चिखलात कुजतो, त्यात खारा वारा. एकाच दिवशी पडलेले तुकडेही चार पावसाळ्यांत ओळखू येईनासे होतात.

उल्कापात ठरवायला अवकाशातल्या किरणांनी दगडात तयार झालेली समस्थानिकं लागतात. त्यातलं सोडियम-२२ सगळ्यात सरळ बोलतं: अर्धायुष्य २.६ वर्षं, पडल्यावर वीसेक वर्षांत जवळपास संपतं. एकात ते ठळक आणि तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्यात नाहीच, तर दोघं एकत्र पडलेले नाहीत.

अ‍ॅल्युमिनियम-२६ या दुसऱ्या समस्थानिकाला मात्र तुकडा मूळ दगडात किती खोल होता याचा हिशेब लागतो. चिरेखाणीत वरचा चिरा टणक आणि खालचा मऊ निघतो, म्हणून आपण खाण वेगळी म्हणत नाही. तसंच मीटरभर दगडाच्या पोटातला तुकडा आणि सालीजवळचा तुकडा वेगळे आकडे देतात. म्हणून सोबत निऑन-२२ आणि निऑन-२१ यांचं गुणोत्तर पाहतात; त्यावरून तुकडा किती आत होता याचा अंदाज येतो. निऑन-२१वरून अवकाशातल्या प्रवासाचं वय निघतं, पण एच गटात तेही फसवतं: त्यातल्या पुष्कळ दगडांचं वय ७० लाख वर्षांच्या आसपास येतं, कारण एका मोठ्या टकरीतून ते सुटले. टक्कर एक असली तरी पृथ्वीवर ते वेगवेगळ्या काळी पडले.

या सगळ्यात क्रम चुकला की नमुना वाया जातो. सोडियम-२२ गॅमा मोजणीत सापडतं, त्यासाठी दगड कापावा लागत नाही. उलट तुकडा जितका मोठा तितकी मोजणी खात्रीची. म्हणून करवत शेवटी. तुकडा धुवायचा नाही, जागेचे अक्षांश-रेखांश आणि वजन लिहून सिलिका जेलच्या पुडीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचा, आणि दोन्ही तुकडे कधीही एका पिशवीत घालायचे नाहीत: एकाचा चुरा दुसऱ्याला चिकटला, तर पुढे मोजायचं काय?